चाकांवरच्या घराची वास्तुशांत

आमचं घर पडेगावात, अगदी दौलताबाद रस्त्याला लागून आहे. घर घेताना दलालानं ही गोष्ट फायद्याची म्हणून सांगितली होती. फायदा झाला, नाही असं नाही, पण तो आमच्या सगळ्या भावकीला झाला. कन्नड, खुलताबाद, वैजापूर, त्या अंगानं शहरात येणारा प्रत्येक नातेवाईक, मग तो दवाखान्यात निघालेला असो, कोर्टात निघालेला असो की लग्नाचा बस्ता बांधायला, आधी आमच्याकडं टेकतो. परत जातानाही टेकतो. टेकला की चहा. आणि चहा म्हणजे रत्नमाला, माझी बायको.

एका रविवारी सकाळपासून पाहुण्यांची तिसरी तुकडी रवाना झाल्यावर तिनं पातेलं ओट्यावर पालथं घातलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, मला दोन दिवस पाहिजेत."

"कसले?"

"ज्यात कुणासाठी चहा टाकायचा नाही असे. साडी नको, सोनं नको. दोन दिवस कुणी 'वहिनी हायत का' म्हणून हाक मारायला नको. बस."

तिचा आवाज चढला असता तर मला एवढी भीती वाटली नसती. "दिले," मी म्हणालो, जणू ते दोन दिवस माझ्या वरच्या खिशातच होते.

आता माणसानं बायकोला घेऊन जायचं कुठं? हॉटेलवर माझा विश्वास राहिलेला नाही. मागं आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो, तर हॉटेलच्या मॅनेजरची बहीण आमच्या चुलतभावाच्या मेव्हण्याला दिलेली निघाली आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आम्ही सात जण होतो. आम्ही जिथं जाऊ तिथं नाती आधीच जाऊन बसलेली असतात. अशा चिंतेत असताना मला मोबाईलवर मोटारहोमचा व्हिडिओ दिसला. एक गोरं जोडपं डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात गाडी उभी करतं, दोन खुर्च्या बाहेर टाकतं आणि समोर बघत बसतं. अर्धा तास ते नुसतं बघत बसलं होतं. मीही त्यांच्याकडं अर्धा तास बघत बसलो.

मी एका महाविद्यालयात हेडक्लार्क आहे. मला सहसा कल्पना सुचत नाहीत, आणि सुचल्याच तर त्या प्राचार्यांच्या टेबलावर ठेवून मी मोकळा होतो. पण ही मात्र माझी स्वतःची होती. ज्या घराला पत्ताच नाही, त्या घरी पाहुणा येणार कसा? कन्नडच्या पुढं डोंगरात अभयारण्य आहे. तिथं एखाद्या झाडाखाली आपलं घर उभं करायचं, दोन खुर्च्या टाकायच्या आणि बसायचं. रत्नमालेलाही पटलं. तिनं एक अर्धवट वाचून राहिलेलं जाडजूड पुस्तक शोधून काढलं आणि त्यावरची धूळ पुसून बॅगेत सगळ्यात आधी ठेवलं.

बजाजनगरला इंद्रजीत नावाचा एक तरुण आहे. त्यानं कंपनीतली नोकरी सोडून शाळेची एक जुनी मिनीबस विकत घेतली होती आणि तिचं मोटारहोम केलं होतं. बाहेरून डोंगर आणि हरणं रंगवली होती. त्यातल्या एका हरणाच्या पोटातून 'सावकाश, शाळेची मुले' ही जुनी अक्षरं अजून दिसत होती.

"काका, टेन्शनच नाय," तो म्हणाला. "बेड हाय, किचन हाय, मोरी हाय, संडास हाय, वरती सोलर हाय."

"ब्रेक?"

"ब्रेक बी हाय की."

शुक्रवारी संध्याकाळी गाडी मीच चालवत घरी आणली आणि, इथंच चुकलं, दारासमोर उभी केली. शहाण्या माणसानं ती वाळूजला कुठंतरी लपवून ठेवली असती.

आमच्या शेजारी सर्जेराव राहतात. निवृत्त झाल्यापासून ते लोकांच्या घरांच्या दिशा बघतात. कुणी बोलावत नाही, तरी बघतात. हात मागं बांधून त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, आत डोकावले, बाहेर आले.

"काकासाहेब, ही गाडी हाय का घर?"

"गाडी."

"मग आत चूल कशाला? पलंग कशाला? चूल हाय, पलंग हाय, मोरी हाय, अन् तुम्ही म्हणता गाडी? ह्याची वास्तुशांत करावी लागती."

"अहो, भाड्यानं आणली आहे दोन दिवसांसाठी."

"भाड्याच्या घराची बी करत्यातच की. अन् ते जाऊ द्या, चूल ईशान्येला आली तुमची. चूल पाहिजे आग्नेयेला. गाडी फिरवा."

"सर्जेराव, पहिल्या वळणावर ती दिशा बदलणारच ना?"

"चालताना वास्तू झोपलेली असती," ते म्हणाले. "उभी राहिली की जागी व्हती."

मी गाडी फिरवायला घेतली. आमच्या गल्लीत रिक्षा वळवायची तरी रिक्षावाला आधी उतरून विचार करतो. गल्लीतले सगळे पुरुष बाहेर आले आणि 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणू लागले. मी येऊ दिली. धाडकन आवाज झाला आणि सर्जेरावांच्याच फाटकाचा खांब आडवा झाला. मी घामाघूम होऊन खाली उतरलो. सर्जेरावांनी खांब कुठल्या दिशेला पडला ते बघितलं आणि ते म्हणाले, "जाऊ द्या. तो बी दोषातच व्हता."

तोवर गल्लीतल्या कुणीतरी गाडीचा फोटो काढून पुढं पाठवला होता. तो फिरत फिरत आमच्या भावकीच्या ग्रुपवर आला तेव्हा त्याखाली लिहिलेलं होतं, 'काकासाहेबांनी नवीन घर घेतले. उद्या वास्तुशांत. सर्वांनी यावे.' पाठोपाठ सारजाबाई आत्याचा फोन. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिच्यासमोर माझे वडीलही उभं राहून बोलत.

"काकासायब, घर घेतलंस अन् आत्याला सांगितलं नाईस?"

"आत्या, ते घर नाही, गाडी आहे."

"आता खोटं बी बोलायलास. फोटू पायला मी. खिडक्यांला पडदे हायत."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आत्या उतरली. तिच्या मागून एकेक करत बाकीचे. माझा मेव्हणा अजिनाथ, म्हणजे रत्नमालेचा सख्खा भाऊ, गुरुजींना मोटारसायकलवर घेऊनच आला. गुरुजी बिचारे भले माणूस. चाकांना गंध लावायचं की उंबऱ्याला, या प्रश्नावर ते जरा अडले, मग त्यांनी दोन्हींना लावलं. पत्र्याच्या पायरीला उंबरा ठरवण्यात आलं. पायरीपाशी चपलांचा ढीग पडला, कारण घरात कुणी चपला घालून जातं का? शेवटी नव्या शेगडीवर दूध उतू घालवायचं होतं. दूध उतू गेलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दोनपैकी एक बर्नर त्या क्षणी जो विझला तो कायमचा. दुसरा अर्धाच पेटू लागला.

आणि हे सगळं होत असताना रत्नमाला काय करत होती? खऱ्या घरातल्या खऱ्या ओट्यावर चहा टाकत होती. आलेल्या प्रत्येकासाठी, दोनदोनदा. मी स्वयंपाकघरात तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा भरलेला ट्रे घेऊन परत आलो. ती कप विसळत होती आणि प्रत्येक कप पालथा घालताना माझ्याकडं बघत होती. मी सोमवारची रजा टाकली, इंद्रजीतकडून गाडी एक दिवस वाढवून घेतली आणि तिला सांगितलं, "उद्या पहाटे निघू. रविवार, सोमवार. पुरते दोन दिवस." ती म्हणाली, "बघू."

संध्याकाळी पाहुणे पांगले. सगळे नाहीत. आत्यानं जाहीर केलं की शांत झालेलं घर पहिल्या रात्री मोकळं सोडायचं नसतं, आणि ती गाठोडं घेऊन गाडीतल्या पलंगावर जाऊन झोपली. तिला सोबत म्हणून दोन चुलत वहिन्या आणि त्यांची माणसं. त्यांना सोबत म्हणून अजिनाथ आणि त्याची बायको. हे सगळं रीतीला धरूनच होतं.

सकाळी मी पायरीपाशी उभा राहून म्हणालो, "आत्या, उतरा आता. आम्ही निघतो."

"घर निघालंय," आत्या आतून म्हणाली, "तर घरातल्या माणसांनी उतरायचं व्हय?"

तेवढ्यात सर्जेराव इस्त्रीचा सदरा घालून बायकोसह हजर. "तिथं डोंगरात गाडी कुठल्या तोंडानं उभी करायची, ते कोण सांगणार तुम्हाला?" असं म्हणत त्यांनी पायरीपाशी चपला काढल्या आणि आत शिरले. चहा झाल्याशिवाय हलायचं नाही, असं आतून एकदोघांनी सुचवलं, पण मी इंजिन सुरू करून टाकलं.

रत्नमाला पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर ते पुस्तक. मागं जागेवरून भांडण चाललं होतं, कुणीतरी खिडकीतून पानाची पिंक टाकली होती आणि सर्जेराव दिशा सांगत होते. मुख्य रस्त्याला लागलो नाही तोच अजिनाथनं मधल्या पडद्यातून मुंडकं काढलं.

"आक्का, शेगडी हायच इथं. टाक की जरासा चहा. चालत्या गाडीत चहा, मजा वाटंल."

रत्नमालेनं पुस्तक मिटलं. "गाडी थांबवा," ती म्हणाली.

मी पेट्रोल पंपाजवळ थांबवली. ती पुस्तक घेऊन खाली उतरली, फिरून माझ्या खिडकीशी आली आणि पिशवीतून चहापत्तीचा डबा काढून माझ्या हातात दिला.

"साखर लाल डब्यात आहे. आलं त्याच्या शेजारी आहे. ह्यांना तुम्ही घेऊन जा."

"आणि तू?"

"मी घरी जाते."

"एकटी?"

"एकटीच," ती म्हणाली. आपण 'गुलाबजाम' म्हणतो ना, तसा तिनं तो शब्द म्हटला. "आपल्या घरी येणारं अर्धं गाव तुमच्या गाडीत बसलंय. उद्या संध्याकाळपर्यंत ह्यातलं कुणी माझ्या दारात दिसता कामा नये. एवढं जमेल का तुम्हाला?"

मागं वळूनही न बघता ती पिशवी हलवत गल्लीकडं चालू लागली. सहलीच्या खर्चाची, कष्टाची, रजेची आठवण करून द्यावी असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. माझ्या कल्पनेतून मलाच वगळलं होतं, हे मला लागलं, कबूल करतो. पण तिची पाठ बघितली. एवढं एक तरी जमलंच पाहिजे, असं मनाशी म्हणून मी गिअर टाकला.

"आक्काला काय झालं?" अजिनाथनं विचारलं.

"गॅस बंद केला का ते बघायला गेली," मी म्हणालो. यावर कुणालाच शंका आली नाही.

दौलताबादला रस्ता जुन्या दरवाज्यातून जातो. आमच्या गाडीच्या डोक्यावर सोलरचं धूड. जाईल की अडकेल यावर मतं पडली. सर्जेराव म्हणाले, वजन जास्त झालंय, सगळे उतरा. सगळे उतरले. आत्यालाही दोघांनी धरून उतरवलं. ओझं उतरताच गाडी चांगली चार बोटं वर उचलली गेली आणि मघाशी जी कदाचित गेली असती ती आता नक्कीच जाणार नव्हती. मग सगळ्यांना परत आत बसवलं. वाटेवर बसलेला एक पेरूवाला म्हणाला, "अजून दोघं-चौघं घ्या आत, लवकर निघंल." तो थट्टा करत होता, पण सर्जेरावांनी त्याला खरंच आत घेतलं. गाडी निघाली. पेरूवाला पलीकडं उतरला आणि गाडीतल्या सगळ्यांनी त्याच्याकडून पेरू घेतले. मधल्या काळात दरवाज्यापलीकडं वेरूळपर्यंतच्या सगळ्या गाड्या भोंगे वाजवत उभ्या होत्या असं मला वाटलं. या सगळ्या चढउतारात कुणाच्या पायांकडं माझं लक्ष गेलं नाही. त्या वेळी गेलं असतं तर पुढचं टळलं असतं.

गाडीतला संडास वापरायला एकजात सगळ्यांनी नकार दिला. "चुलीला लागून?" आत्या म्हणाली, आणि तो विषय तिथंच संपला. त्या कोठडीत ज्वारीच्या पिठाची पिशवी, वास्तुशांतीचे उरलेले नारळ आणि पेरू ठेवण्यात आले. त्यामुळं मला रस्त्यावरच्या प्रत्येक पंपाशी, ढाब्याशी आणि आडोशाशी थांबावं लागलं. कन्नड येईपर्यंत माझ्या मानेचं लाकूड झालं होतं.

अभयारण्याच्या नाक्यावर हनुमान नावाचा वनरक्षक होता. त्यानं गाडीभोवती फेरी मारली, आत डोकावला, आणि मला पुढचा प्रश्न पाठ होता.

"साहेब, ही गाडी हाय का घर?"

"तुम्ही सांगाल ते," मी म्हणालो. माझी वाद घालायची ताकद संपली होती.

"गाडी असंल तर दिवस मावळायच्या आत बाहेर निघाया लागतं. अन् गॅस आत न्यायचा नाय, वणवा लागतो. तुमची तर टाकीच बसवलेली हाय. घर असंल तर मग विषयच नाय, जंगलात घर बांधायची परवानगी कोण देतंय?"

"बांधलेलं नाही, चालवत आणलंय."

त्यानं वरच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, फोटो पाठव. फोटो जाईना, कारण तिथं फोन लागत होता पण फोटो जात नव्हता. शेवटी आत्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"पोरा, गाव कंचं तुझं?"

हनुमाननं गाव सांगितलं.

"मग तू आपल्या सखूबाईच्या धाकट्या नणंदेचा रं!"

त्यानं टोपी काढली आणि पायरीवर डोकं टेकवून नमस्कार केला. अख्खी सकाळ गाडी हाकून, पत्ता नसलेलं घर घेऊन, मी थेट पाहुण्याच्याच दारात येऊन उभा राहिलो होतो. पण हनुमान कामाला पक्का. नातं निघालं तरी नियम नियमच, गाडी आत जाणार नाही. "इथं चौकीशेजारी माळावर उभी करा. आत पायी चला, मी सोबत येतो. तळं दावतो, नीलगायी दावतो." मग त्याची नजर खाली गेली. "पर आत्याबाई, तुमच्या चपला कुठंयत?"

तेव्हा सगळ्यांनी आपापल्या पायांकडं बघितलं.

एकाच्याही पायात काही नव्हतं. घरात शिरताना चपला पायरीपाशी काढलेल्या आणि घर निघून आलेलं. चपला आमच्या दारात, आणि आम्ही डोंगरात. वास्तुशांत केलेल्या गाडीतून निघालेल्या माणसांचीच ही गत होऊ शकते. सगळ्या ताफ्यात फक्त माझ्या पायात बूट होते आणि त्याबद्दल सगळे माझ्याकडं असे बघत होते की जणू मीच त्यांच्या चपला चोरल्या होत्या.

"आत काटे हायत, विंचू हायत," हनुमान म्हणाला. "अनवाणी नाय नेता येणार."

मी बाजूला जाऊन रत्नमालेला फोन लावला. "अगं, सगळ्यांच्या चपला तिथंच राहिल्या."

"माहीत आहे. मी त्या दारापुढं ओळीनं लावून ठेवल्यात."

"कशाला?"

"मघाशी तुमचे गंगापूरचे मामा फाटकापर्यंत आले होते. चपला बघितल्या आणि म्हणाले, घर भरलेलं दिसतंय, मागनं येऊ. गेले." तिच्या आवाजात असं काहीतरी होतं जे मी फार वर्षांत ऐकलं नव्हतं. ती हसू दाबत होती. "आणि ऐका. आणू नका हं त्यांना."

फोन ठेवून वळतो तर सर्जेराव सगळ्यांच्या वतीनं बोलायला पुढं आलेले. "काकासाहेब, जंगल तर काय बघायला मिळत नाय. माघारी फिरा. सांजच्याला वहिनींच्या हातचं गरम पिठलं-भाकर खाऊ."

"व्हय," अजिनाथ म्हणाला. "आक्का एकटीच हाय घरी. तिला बी बरं वाटंल."

सगळे माघारी जायला उठले होते, किल्ली माझ्या हातात होती, आणि पडेगावात ती बाई बहुधा नुकतंच पुस्तक उघडून बसली होती. मी आयुष्यात रजेच्या अर्जाशिवाय कुठं खोटं लिहिलेलं नाही. पण त्या क्षणी माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तसं करता येत नाही. शांत झालेलं घर एकदा शीव ओलांडून गेलं, की जिथं थांबेल तिथं एक रात्र मुक्काम करावा लागतो. आणि दुसरा दिवस उतरेपर्यंत परतीचं तोंड करायचं नसतं. वास्तू रुसते. सर्जेरावांना माहीत आहे."

सगळे सर्जेरावांकडं वळले. सर्जेरावांनी अर्थातच हे कधीही ऐकलेलं नव्हतं, कारण मी ते नुकतंच तयार केलं होतं. त्यांनी डोळे मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं.

"व्हय," ते गंभीरपणे म्हणाले. "असं हाय खरं. लई जुनी रीत हाय ती. मी म्हणणारच व्हतो."

"मग राहा," आत्या म्हणाली. "काकासायब, चहा टाक."

त्यानंतरच्या सहलीबद्दल मी फारसं सांगू शकत नाही, कारण मी ती पाहिली नाही. अर्ध्या जळणाऱ्या बर्नरवर एवढ्या लोकांचा चहा ठेवला की तो उकळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पहिल्यानं प्यालेल्याला पुन्हा तलफ येते. एकाला बिनसाखरेचा. एकीला आलं चालत नाही. आत्याला बशीत, आणि बशी गार नको. हनुमान नात्यानं आणि त्याचे दोन सोबती त्याच्या नात्यानं. चालत कुठं जाता येत नसल्यामुळं सगळे सतरंजी टाकून झाडाखाली बसून होते, आणि बसलेल्या माणसाला दुसरं सुचतं काय? दुपारी एक मोर अगदी गाडीपाशी येऊन नाचला म्हणे. सगळ्यांनी बघितला, अजिनाथनं चित्रीकरण केलं. त्यात मागं खिडकीतून माझी पाठ आणि पातेल्यातून निघणारी वाफ दिसते. संध्याकाळी नीलगायी उतरल्या. मी गाळणं शोधत होतो. कोणीतरी बाहेरून ओरडलं, "दाजी, लवकर या, लवकर!" मी धावत गेलो, तर माळ मोकळा होता आणि मागं दूध उतू गेलं होतं.

"चहाला चव नाय आक्कासारखी," अजिनाथ म्हणाला. माझ्या हातात सांडशी होती. त्याच्या बहिणीचा विचार करून मी ती खाली ठेवली.

रात्री पलंगावर बायका, खाली पुरुष, आणि स्टिअरिंगवर मी. दुसऱ्या दिवशी सकाळी चहापत्ती संपत आली तशी माझी उमेदही. दुपारनंतर सगळे पुन्हा कुरकुरू लागले. सर्जेरावांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काकासाहेब, ते मुक्कामाचं नक्की कुठं लिहिलंय हो? मी विसरलो." मी म्हणालो, "जिथं चालताना वास्तू झोपते असं लिहिलंय, तिथंच. पुढच्या पानावर." मग त्यांनी रिकामा कप पुढं केला.

दिवस कलल्यावर निघालो. दौलताबादला कुणालाही न उतरवता दरवाजा पार केला. पडेगावच्या रस्त्याला लागलो तसा मागं उत्साह वाढला, चपला घ्यायला सगळ्यांना आमच्याकडंच यायचं होतं आणि चपला घेताना कोण टेकल्याशिवाय राहील? मी गाडी गल्लीच्या कितीतरी अलीकडं, रिक्षांच्या थांब्यापाशी उभी केली. "इंजिन तापलंय," म्हणालो, "बसा, मी घेऊन येतो." आणि एक हेडक्लार्क, अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेला, पिठाच्या रिकाम्या पिशवीत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत आपल्याच दारातल्या चपला गोळा करू लागला. समोरच्या ओट्यावरच्या बाईनं विचारलंसुद्धा, "भाऊ, काय हरवलं का?" मी मान हलवली आणि पिशवी खांद्यावर टाकून परत रस्त्यावर आलो. एकेकाला चपला दिल्या, रिक्षात घातलं, बसला लावलं. सर्जेराव आणि त्यांच्या बायकोला वाण्याकडं काही घ्यायचं होतं, ते तिकडं वळले. आत्या शेवटी गेली. जाताना म्हणाली, "घर चांगलं हाय तुझं, काकासायब. फक्त चहाचं बघ जरा."

गाडी तिथंच सोडून मी घरी आलो आणि दार ठोठावलं.

आतून आवाज आला, "कोण आहे?"

"मी."

"बरोबर कोण आहे?"

मी खरोखरच मागं वळून बघितलं. "कोणी नाही."

मग दार उघडलं. रत्नमालेचे केस सुटे होते. खुर्ची खिडकीशी ओढलेली, त्यावर पुस्तक पालथं, शेवटची थोडी पानं उरलेली. मला वाटलं होतं ती विचारेल, कसं झालं, दमलात का. तिनं फक्त माझ्या शर्टावरचे चहाचे डाग बघितले. मी खुर्चीत बसायला गेलो तर म्हणाली, "तिथं नको. माझी खूण आहे."

मी पाटावर बसलो. "काय केलंस दोन दिवस?"

"चहा केला."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी." ती खिडकीशी जाऊन बसली. "सकाळी एक, दुपारी एक. बसून प्याले. गरम असतो हो तो."

ती ते सांगताना माझ्यावर रागावलेली नव्हती, तक्रारही करत नव्हती. एखादी ऐकीव गोष्ट खरी निघाल्यासारखी नवलानं सांगत होती. शेजारी कप होता, वाफ निघत होती. तिनं पुस्तक उचललं.

तेवढ्यात बाहेर फाटक वाजलं.

"वहिनी! हायत का घरी?" सर्जेरावांचा आवाज. "वाण्याकडून सरळ इकडंच आलो. दोन दिवस काकासाहेबांच्या हातचा काढा पिऊन जीव आंबलाय. तुमच्या हातचा घोटभर टाका बरं."

रत्नमालेचं बोट ओळीवर थांबलं. तिनं पुस्तकातून वर बघितलं नाही. पण खांदे खाली आले, आणि एक पाय आपसूक स्वयंपाकघराकडं वळला. ती उठायच्या आत मी उठलो, बाहेर गेलो आणि आपल्यामागं दार ओढून घेतलं. सर्जेराव फाटक अर्धं उघडून एक पाय आत टाकून उभे होते.

"वहिनी नाहीत," मी म्हणालो.

"नाहीत? अहो, पण त्या तर घरीच व्हत्या. कुठं गेल्या?"

"सहलीला."

सर्जेरावांनी खिडकीकडं बघितलं. खिडकीत दिवा होता आणि दिव्याखाली रत्नमालेचं डोकं स्पष्ट दिसत होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. आतून पान उलटल्याचा आवाज आला.

"परत कधी येणार?" त्यांनी हळूच विचारलं.

"पुस्तक संपलं की," मी म्हणालो, त्यांचा पाय अलगद बाहेर काढला आणि फाटकाला कडी लावली.